फॉरमॅट मारल्यावर लायसन्स गेलं? आधी ते राहतं कुठे ते बघा

पीसी स्लो झाला की आपल्याकडे एकच औषध, फॉरमॅट मारून टाक. मारतो आपण, आणि दुसऱ्या दिवशी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ असं पुसट दिसायला लागतं, वर्ड उघडला की वर पट्टी येते, हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर एज्युकेशनल मोडमध्ये उघडतं आणि महिन्याची १ तारीख, २ तारीख आणि शेवटचा दिवस सोडून दुसऱ्या कुठल्याच तारखेला व्हाउचर घेत नाही. मग सगळं घर किंवा सगळं ऑफिस ‘की’ म्हणजे लायसन्सचा कोड शोधायला लागतं, जुनी बिलं काढा, लॅपटॉप उलटा करून स्टिकर बघा, ते स्टिकर घासून पांढरं झालेलं असतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून लोकं धडाधड ११ टाकून घेतायत, त्यामुळे हे प्रकरण ओळखीतल्या प्रत्येकाकडे एकदा तरी होतंच. म्हणून सविस्तर लिहितोय.

मुद्दा असा, ती ‘की’ शोधत बसू नका, आधी ते लायसन्स राहतं कुठे ते ओळखा. काही लायसन्स मदरबोर्डमध्ये असतात, काही तुमच्या ईमेल अकाउंटला चिकटलेली असतात, काहींची नोंद त्या कंपनीच्या सर्व्हरवर असते की हे अमुक मशीनवर चालू आहे, आणि काही चक्क यूएसबीला लावलेल्या डोंगलमध्ये, म्हणजे पेन ड्राइव्हसारख्या छोट्या चावीत. कुठलं कुठे आहे हे कळलं की बहुतेक वेळा उपाय पाच-दहा मिनिटांचा असतो, नाही कळलं तर दोन दिवस जातात आणि शेवटी कोणीतरी क्रॅक मारून देतो.

आणि घाबरून घाई करू नका. ॲक्टिव्हेट नसलेलं विंडोज बंद पडत नाही, फाईल उडवत नाही, वॉलपेपर-थीमसारख्या गोष्टी बदलू देत नाही आणि तो वॉटरमार्क डोळ्यात खुपतो, बस. काम चालू ठेवा आणि शांतपणे पुढचं वाचा.

पहिलं विंडोज. सर्चमध्ये सीएमडी टाका, राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘एसएलएमजीआर’, मग स्पेस, मग तिरकी रेघ आणि लगेच ‘डीएलआय’ असं टाइप करून एंटर मारा (अर्थात इंग्रजी अक्षरांत). एक छोटी खिडकी उघडते, त्यात दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत चॅनल लिहिलेला असतो, तो नीट वाचा, सगळी कुंडली तिथे आहे. तिथे ‘ओईएम डीएम’ असेल तर लायसन्स लॅपटॉपबरोबर आलंय आणि त्याची की मदरबोर्डच्या बायोसमध्येच (बोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) आहे, विंडोज ८ आलं तेव्हापासून म्हणजे २०१२ पासून मोठ्या कंपन्या असंच करतात, म्हणून तर नव्या लॅपटॉपवर कीवालं स्टिकर दिसत नाही. ‘रिटेल’ असेल तर ते वेगळं विकत घेतलेलं किंवा डिजिटल लायसन्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदलेलं. ‘व्हॉल्यूम’ दिसलं आणि मशीन घरचं असेल तर भुवया वर करा, त्याच्यावर खाली येतोच. हे फॉरमॅटच्या आधी केलं तर सगळ्यात बेस्ट, मोबाइलने त्या खिडकीचा फोटो काढून ठेवायचा.

त्याच खिडकीत कीचे शेवटचे पाच आकडे-अक्षरं दिसतात. आता इथे एक गंमत आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. नेटवरून की दाखवणारं एखादं टूल उतरवून लोकं आपली की जपून लिहून ठेवतात आणि फॉरमॅटनंतर तीच की चालत नाही म्हणून डोकं फिरतं. शेवटचे पाच जर ३व्ही६६टी, ८एचव्हीएक्स७ किंवा ६एफ४बीटी असतील तर ती तुमची की नाहीच, ती अनुक्रमे प्रो, होम आणि होम सिंगल लँग्वेजची जेनेरिक की आहे, जगभर लाखो मशीनवर तीच दिसते. तुमचं खरं लायसन्स मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर तुमच्या हार्डवेअरच्या नावाने नोंदलेलं आहे. म्हणजे की हरवली म्हणून रडायचं कारणच नाही. इन्स्टॉल करताना की विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ वर क्लिक करा, पुढे जा, नेट जोडा, थोडा वेळ द्या, आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

होत नाही तेव्हा दहातल्या बऱ्याच केसमध्ये एडिशनचा, म्हणजे होम की प्रो याचा घोळ असतो. आपल्याकडच्या घरगुती लॅपटॉपवर बहुतेक वेळा होम सिंगल लँग्वेज येतं, आणि फॉरमॅट करणारा पोरगा आपल्या पेन ड्राइव्हमधून सगळ्यांना प्रो टाकून देतो, ‘काका प्रो टाकलंय, भारी आहे’. भारी आहे हो, पण लायसन्स होमचं आहे ना! प्रोवरून होमवर खाली यायला सरळ रस्ता नाही, परत क्लीन इन्स्टॉल करावं लागतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह बनवा, त्याने इन्स्टॉल केलं की सेटअप बायोसमधली की स्वतः वाचतो आणि योग्य एडिशन स्वतःच निवडतो, तुम्हाला विचारतसुद्धा नाही.

याच्या उलटंही होतं. लॅपटॉप होमवाला होता, नंतर तुम्ही पैसे भरून प्रो केलेलं, आणि आता सेटअपने बायोस वाचून गपचूप होम टाकलं. घाबरू नका, सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात ॲक्टिव्हेशन, तिथे ट्रबलशूट दिसेल, तो चालवा, या मशीनवर प्रोचं डिजिटल लायसन्स आहे हे त्याला सापडतं आणि तो प्रो करून देतो.

आता मदरबोर्ड. मुंबईत मदरबोर्ड जाण्याची कारणं काय कमी आहेत का, पावसाळ्यात ग्राउंड फ्लोअरच्या गाळ्यात पाणी शिरतं, समुद्राजवळच्या घरांत खारी हवा बोर्डला गंज चढवते, व्होल्टेज वरखाली होतं. मग आपण ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जातो, तिथे बोर्ड बदलून मिळतो, मशीन चालू होतं आणि विंडोज म्हणतं की हार्डवेअर बदललंय. एररच्या शेवटी एफ२११ दिसलं तर नेमकं हेच. ३एफ७००१ दिसलं तर या मशीनसाठी लायसन्सच सापडत नाहीये, तेही बहुतेक वेळा बोर्ड बदलल्यावरच.

इथे लायसन्सची जात महत्त्वाची. रिटेल असेल तर ते एका मशीनवरून दुसऱ्यावर नेता येतं, जुन्यावर बंद करायचं एवढीच अट. ओईएम म्हणजे लोकलच्या पाससारखं, ज्याच्या नावावर त्याचाच, दुसऱ्याला देता येत नाही, आणि मायक्रोसॉफ्टच्या हिशेबात मदरबोर्ड बदलला म्हणजे मशीनच नवीन. अपवाद एकच, बोर्ड खराब निघाला म्हणून कंपनीनेच बदलून दिला तर लायसन्स राहतं. म्हणून वॉरंटीत बोर्ड बदलला असेल तर सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरून हलायच्या आधी तिथेच मशीन चालू करायला लावा, त्यांच्या वायफायला जोडा, ॲक्टिव्हेशनचं पान उघडून बघा, आणि नसेल झालं तर तिथेच सांगा. घरी येऊन फोन केला की ‘सॉफ्टवेअर आमच्याकडे नाही सर’ ऐकावं लागतं, माझ्या ओळखीत हे झालेलं आहे.

बोर्ड बदलायचा आहे आणि मशीन अजून कसंबसं चालू होतंय, तर एक काम आधी उरका. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करा आणि ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘डिजिटल लायसन्स तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी जोडलेलं आहे’ अशा अर्थाची ओळ आली का बघा. ती आली की पुढे बोर्ड बदलल्यावर ट्रबलशूट चालवायचा, ‘मी नुकतंच हार्डवेअर बदललंय’ हा पर्याय घ्यायचा, त्याच अकाउंटने आत जायचं आणि यादीतून आपलं मशीन निवडायचं. पीसीचं नाव आधीच ओळखू येईल असं ठेवलेलं बरं, नाहीतर त्या यादीत डेस्कटॉप-अमुकतमुक अशी सारखी नावं दिसतात आणि आपलं कुठलं तेच कळत नाही.

आता स्वस्तातल्या की. ऑनलाइन तीनशे-चारशे रुपयांत प्रोची की मिळते, इन्स्टॉल करताना चालतेही, मग लोकं म्हणतात बघ उगाच हजारो रुपये घालवतात. यातल्या बऱ्याच की कुठल्या तरी कंपनीच्या व्हॉल्यूम लायसन्समधल्या (बऱ्याच मशीनसाठी एकत्र घेतलेल्या) असतात, ज्यांना ठरावीक ॲक्टिव्हेशन मिळालेली असतात आणि ती शंभर जणांना वाटून संपवलेली असतात. पहिल्यांदा तुमचा नंबर लागला, फॉरमॅटनंतर लागत नाही. सी००८ मध्ये संपणारा एरर आला तर की ठरल्यापेक्षा जास्त मशीनवर वापरलीय, सी००३ आला तर बहुधा ती ब्लॉकच केलीय. विकणारा तोपर्यंत दुसऱ्या नावाने दुकान थाटून बसलेला असतो. यावर ट्रिक नाही, अस्सल लायसन्स घ्या नाहीतर लॅपटॉपबरोबर आलेल्या होमवर परत जा, घरच्या कामाला होम भरपूर आहे.

तसंच ज्यांनी २०१५-१६ मध्ये विंडोज ७ च्या स्टिकरवरच्या कीने १० ॲक्टिव्हेट केलं आणि आता नव्या मशीनवर तीच की टाकून बघतायत, त्यांच्यासाठी, तो रस्ता सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झालाय. त्याआधी ज्या मशीनला डिजिटल लायसन्स मिळालं ते चालतंच, त्या मशीनवर परत इन्स्टॉल केलं तरी चालतं, पण नव्या मशीनला ती की आता उपयोगाची नाही.

आणि ते ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’. घरच्या किंवा छोट्या दुकानातल्या पीसीवर हे दिसत असेल तर फॉरमॅट करणाऱ्याने ॲक्टिव्हेटर, म्हणजे खोटं ॲक्टिव्हेशन करणारं टूल मारलाय हे जवळपास नक्की. खात्री करायची असेल तर मघासारखंच ‘एसएलएमजीआर’ आणि पुढे ‘एक्सपीआर’ टाका. अस्सल असेल तर मशीन कायमचं ॲक्टिव्हेट आहे असं येतं, केएमएस असेल तर एक्स्पायरीची तारीख येते, कारण ते ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचंच असतं आणि मोठ्या ऑफिसात त्यांचा सर्व्हर ते परत परत वाढवत राहतो. घरी कुठला सर्व्हर? तिथे ॲक्टिव्हेटर बॅकग्राउंडला बसून ते काम करतो, आणि तो बसवताना अँटीव्हायरस बंद करायला सांगतात यातच काय ते समजा. २३२बी मध्ये संपणारा एरर येतो तोही याच घराण्यातला, मशीन ऑफिसचा सर्व्हर शोधतंय आणि घरी तो सापडत नाही. ऑफिसचाच लॅपटॉप असेल तर ऑफिसच्या नेटवर्कला किंवा व्हीपीएनला जोडा, आयटीवाल्याला सांगा, स्वतः काही करू नका. दुकानाचा पीसी असेल तर अजून एक गोष्ट, आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३बी आहे, त्यात जाणूनबुजून पायरेटेड सॉफ्टवेअर वापरल्याबद्दल कमीत कमी ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, धंद्यासाठी वापरलं नसेल तर कोर्ट सूट देऊ शकतं. ‘सगळेच वापरतात’ हे तिथे चालत नाही.

जुन्या डेस्कटॉपवाल्यांनो, सगळं बरोबर असून ॲक्टिव्हेशन होत नसेल तर खाली घड्याळ बघा. बोर्डवरची ती गोल चपटी बॅटरी, सीआर२०३२, संपलेली असली की प्लग काढला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि मग सर्व्हरशी सुरक्षित कनेक्शनच जुळत नाही. बॅटरी बदला, तारीख लावा, परत ट्राय करा. चिल्लरमध्ये काम होतं.

आता ऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलवालं. लॅपटॉपबरोबर जे होम अँड स्टुडंट किंवा नवीन असेल तर होम येतं त्याचं लायसन्स मशीनमध्ये शोधू नका, पहिल्यांदा ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने ॲक्टिव्हेट केलं त्या अकाउंटला ते कायमचं चिकटतं. आणि ते अकाउंट कोणाचं? इथेच सगळं अडतं. लॅपटॉप घेताना दुकानातला मुलगा म्हणतो ‘सर सेटअप करून देतो’, दोन मिनिटांत कुठलातरी आउटलुक आयडी बनवतो, पासवर्ड बिलाच्या मागे पेनने लिहितो, आणि ते बिल आज कुठे आहे देव जाणे. म्हणून फॉरमॅट करायच्या आधी वर्ड उघडा, फाईल, मग अकाउंट, तिथे हे प्रॉडक्ट कोणाचं आहे तो ईमेल दिसतो. फोटो काढा. त्या ईमेलने मायक्रोसॉफ्टच्या अकाउंट पानावर जाऊन आत शिरता येतंय का तेही आत्ताच बघा, पासवर्ड विसरला असाल तर आत्ताच रिसेट करा आणि रिकव्हरीला स्वतःचा मोबाइल नंबर टाका. फॉरमॅटनंतर त्याच अकाउंटमध्ये सर्व्हिसेसच्या पानावरून ऑफिस परत उतरवायचं, की लागत नाही.

फॉरमॅट आधीच झालाय आणि आयडी आठवत नाही तर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर जुने एसएमएस आणि मेल शोधा, मायक्रोसॉफ्टचा व्हेरिफिकेशन कोड कोणाच्या तरी फोनवर आलेलाच असतो. बायकोच्या, वडिलांच्या, कोणाच्याही.

एक त्रास नव्या इन्स्टॉलनंतर हमखास होतो, अकाउंट बरोबर, ऑफिस उतरवलं, तरी परत परत साइन इन करा, सबस्क्रिप्शन संपलंय असं येत राहतं. बघा, मशीनवर दोन ऑफिस असतील, लॅपटॉप कंपनीच्या रिकव्हरीतून आलेलं ३६५ चं ट्रायल आणि तुमचं विकत घेतलेलं. ट्रायलवालं अनइन्स्टॉल करा, रिस्टार्ट, मग उघडा.

टॅलीवाल्यांसाठी नियम एकच आणि तो पाठ करा, फॉरमॅटच्या आधी सरेंडर. टॅलीप्राइममध्ये एफ१ दाबून हेल्प, तिथून सेटिंग्ज, लायसन्स, आणि सरेंडर. लायसन्स त्या मशीनवरून सुटतं आणि नवीन इन्स्टॉलवर सिरीयल नंबर आणि टॅली डॉट नेट आयडी (टॅलीचं ऑनलाइन लॉगिन) देऊन परत ॲक्टिव्हेट होतं. सरेंडर न करता उडवलं असेल तर त्याच मशीनवर रीॲक्टिव्हेटचा पर्याय आधी करून बघा, नाही झालं तर तुमच्या टॅली पार्टनरला फोन. आणि मालकांनो, तो टॅली डॉट नेट आयडी कोणाच्या मेलवर आहे ते आज तपासा, कारण बऱ्याच ठिकाणी तो तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या जीमेलवर असतो, ओटीपी त्याला जातो आणि तो नालासोपाऱ्याला बसून तुमचा फोन उचलत नाही. लायसन्स परत मिळतं हो, पण डेटा लायसन्समध्ये नसतो, सी ड्राइव्हच्या युजर्स-पब्लिकमधलं टॅलीप्राइमचं डेटा फोल्डर वेगळं कॉपी करून ठेवा, तिथे नसेल तर कंपनी उघडताना जो पाथ दिसतो तिथे जा.

फोटोशॉप, ऑटोकॅड वगैरे आता सगळे साइन इनवर चालतात, फॉरमॅटआधी साइन आउट करा म्हणजे झालं. अडोबीचं दोन मशीनवर चालतं, तिसऱ्यावर साइन इन केलं की आधीच्यांतून बाहेर पडायचं का विचारतो, हो म्हणा, कारण फॉरमॅट केलेलं जुनं इन्स्टॉल तिथे भुतासारखं दिसत राहतं. अँटीव्हायरसची की बॉक्सवर किंवा मेलमध्ये असते, फोटो काढून ठेवा आणि परत रजिस्टर करताना तोच मोबाइल नंबर द्या.

डोंगलवाल्यांचं दुखणं वेगळं. लालबाग-परळ, गिरगावात छोटे प्रेस आणि डीटीपीवाले आहेत, गणपतीच्या आधी पावतीपुस्तकं आणि अहवाल छापायची झुंबड असते, आणि बऱ्याच जणांकडे श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं जुनं डोंगलवालं व्हर्जन अजून चालू आहे. त्यात लायसन्स डोंगलमध्ये असतं, फॉरमॅटने त्याला काही होत नाही, जातो तो ड्रायव्हर. डोंगल काढून ठेवा, आधी ड्रायव्हर इन्स्टॉल करा, रिस्टार्ट, मग डोंगल लावा. आधी ३२ बिट विंडोज होतं आणि आता ६४ बिट टाकलं असेल तर जुन्या सीडीतला ३२ बिट ड्रायव्हर चालणारच नाही, कितीही वेळा टाका, कंपनीकडून ६४ बिट ड्रायव्हर मागवा. आणि विंडोज ११ ला ३२ बिट आवृत्तीच नाही, तेव्हा जुन्या डोंगलवर धंदा चालत असेल तर सीझनच्या तोंडावर ११ टाकायच्या भानगडीत पडू नका, आधी ड्रायव्हर मिळतो का ते विचारा. जीएसटीसाठी डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन वापरता त्यांचंही तसंच, सर्टिफिकेट टोकनमध्ये सुरक्षित असतं, फक्त टोकनचा ड्रायव्हर परत टाकायचा, मात्र ‘इनिशियलाइझ’ असं काही दिसलं तर हात लावायचा नाही, त्याने सर्टिफिकेट पुसलं जातं आणि नवीन काढायला पैसे आणि व्हेरिफिकेशन परत.

फॉरमॅटआधीचं शेवटचं, लायसन्स नाही पण त्याहून महाग पडतं, बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणारं विंडोजचं फीचर. नवीन लॅपटॉपवर ते कधीकधी आपोआप चालू असतं आणि सी ड्राइव्ह फॉरमॅट करून डी तसाच ठेवला की डी उघडताना ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये डिव्हाइसच्या पानावर असते, आधीच बघून कागदावर लिहा, त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करू नका.

एवढं करूनही एखादं लायसन्स अडलंच तर त्या कंपनीच्या सपोर्टला लिहिताना विकत घेतल्याचं बिल, सिरीयल नंबर, एररचा स्क्रीनशॉट आणि ‘हेच मशीन आहे, फक्त ऑपरेटिंग सिस्टम परत टाकली आहे’ हे पहिल्याच मेलमध्ये द्या. नुसतं ‘चालत नाही’ लिहिलं की चार दिवस प्रश्नोत्तरं चालतात. जुनं ॲक्टिव्हेशन त्यांच्या बाजूने रिसेट करायला सांगा, हा शब्द वापरलात की समोरच्याला लगेच कळतं काय करायचंय ते.